बाळाच्या हृदयाला छिद्र आहे. खासगी रुग्णालयात न्यायचं का?

दीड महिन्याच्या बाळाला लशीसाठी नेलेलं असतं. डॉक्टर त्याच्या छातीवर स्टेथोस्कोप नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ ठेवतात, पुन्हा एकदा ऐकतात आणि म्हणतात, "मर्मर वाटतोय. एकदा टूडी इको करून घ्या." इकोच्या रिपोर्टवर 'व्हीएसडी' एवढंच लिहिलेलं असतं आणि पुढे मिलिमीटरमधला एक आकडा. त्या संध्याकाळपासून घरातले फोन थांबत नाहीत. मामा सांगतो, सरकारीत अजिबात नको, पोराच्या जिवाशी खेळ नको. आजोबा जमिनीच्या तुकड्याला गिऱ्हाईक कोण मिळेल याचा विचार करू लागतात. चार दिवसांत आईवडील एखाद्या मोठ्या खासगी रुग्णालयाच्या खिडकीपुढे एस्टिमेट मागत उभे असतात.

खासगी रुग्णालयात जाऊच नये, असं मी म्हणणार नाही. काही मुलांसाठी तोच योग्य रस्ता असतो. पण 'खासगी की सरकारी' हा प्रश्न घरोघरी सगळ्यात आधी विचारला जातो आणि तिथेच घोटाळा होतो. आधी विचारायचं ते हे, की माझ्या बाळाला किती घाई आहे. त्यानंतर, हे काम लहान मुलांवर रोज करणारे हात कुठे आहेत. आणि मग, पैसे कोण भरणार. या क्रमाने गेलं तर बऱ्याचदा असं निघतं की शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयातच होते, पण बिल आईवडिलांना भरावं लागत नाही. इमारत खासगी असणं वेगळं आणि बिल खासगी असणं वेगळं. हा फरक माहीत नसल्याने महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांनी नको ते कर्ज डोक्यावर घेतलं आहे.

घाईचं आधी बघू. व्हीएसडी म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला असलेलं छिद्र. जन्मतःच असलेल्या हृदयदोषांमध्ये हा सर्वाधिक आढळणारा दोष. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा दाब जास्त असतो, म्हणून छिद्रातून फारसं रक्त पलीकडे जात नाही आणि मर्मर, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमधला जादा आवाजही, ऐकू येत नाही. दोन-चार आठवड्यांत हा दाब उतरतो, डाव्या बाजूचं रक्त छिद्रातून उजवीकडे आणि तिथून फुप्फुसात लोटायला लागतं. म्हणूनच प्रसूतिगृहातून 'सगळं नॉर्मल' म्हणून घरी आलेल्या बाळाचा दोष दीड-दोन महिन्यांनी कळतो. तेव्हा कुणाचं दुर्लक्ष झालं, असं लगेच मानू नये.

छिद्र लहान असेल, विशेषतः पडद्याच्या स्नायूच्या भागात असेल, तर ते पहिल्या काही वर्षांत आपोआप बुजण्याची शक्यता चांगली असते. अशा बाळाला ठरावीक काळाने इको करत राहण्यापलीकडे काही लागत नाही. मोठ्या छिद्राची गोष्ट मात्र निराळी. फुप्फुसात जास्तीचं रक्त सतत जात राहिलं तर तिथल्या रक्तवाहिन्या जाड आणि कडक होत जातात. एका मर्यादेपलीकडे हा बदल परत फिरत नाही आणि मग छिद्र बंद करणंच धोक्याचं होऊन बसतं. म्हणून मोठी व्हीएसडी साधारणपणे बाळ वर्षाचं होण्याच्या आत, बहुतेकदा पहिल्या सहा महिन्यांतच, बंद करतात. 'जरा मोठं होऊ दे, अंग धरू दे, मग बघू' हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा सल्ला मायेचा असतो, पण इथे तो घातक ठरू शकतो. अशा बाळाचं अंग भरतच नाही, कारण खाल्लेलं सगळं श्वास घेण्यातच खर्च होत असतं.

वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र म्हणजे एएसडी. त्यात एवढी घाई नसते. मूल दोन ते चार वर्षांचं झाल्यावर सवडीने ते बंद करता येतं आणि जागा सोयीची असेल तर छाती न उघडता, मांडीच्या शिरेतून नळी घालून बसवलेल्या डिव्हाइसने काम होतं. पीडीए, म्हणजे जन्मानंतर मिटायला हवी होती ती रक्तवाहिनी उघडी राहणं, हेही अनेकदा तसंच नळीने बंद करतात. ती फार मोठी असेल तर लवकर. बाळ रडताना ओठ, जीभ, नखं निळी पडत असतील तर मामला फॅलोज टेट्रालॉजीसारख्या दोषाचा असू शकतो. तिथे बहुतेकदा पहिल्या वर्षभरात शस्त्रक्रिया ठरवतात. अशा मुलाला मध्येच निळेपणाचा जोराचा झटका आला, तर त्याचे गुडघे पोटाशी-छातीशी दुमडून धरायचे आणि तसंच थेट जवळच्या रुग्णालयात न्यायचं.

आणि काही दोषांमध्ये पर्याय तोलायला वेळच नसतो. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेली असेल, तर नवजात बाळाची शस्त्रक्रिया पहिल्या दोन-तीन आठवड्यांत व्हावी लागते. तोपर्यंत रक्तवाहिनी उघडी ठेवणारं औषध सलाइनमधून चालू ठेवावं लागतं. तिथे दर विचारत फिरू नये. जे केंद्र हे काम करतं आणि आज बाळाला घेऊ शकतं, तिथे व्हेंटिलेटरची सोय असलेल्या अँब्युलन्सने न्यायचं. कागदपत्रं मागून येतील. असे दोष लवकर लक्षात यावेत म्हणून एक सोपी तपासणी आहे. बाळ चोवीस तासांचं झाल्यावर उजव्या हाताला आणि एका पायाला पल्स ऑक्सिमीटर लावून ऑक्सिजन बघायचा. तो ९५ टक्क्यांच्या खाली असेल, किंवा हात आणि पाय यांच्या आकड्यांत तीनहून जास्त फरक असेल, तर पुढची तपासणी हवी. प्रसूतिगृहातून घरी निघण्याआधी ही तपासणी झाली का, हे प्रत्येक आईवडिलांनी विचारावं. तिच्यात बाळाला वेदना नाही आणि वेळ पाच मिनिटांचा.

घाई किती आहे, हे घरीही थोडंफार कळतं. बाळ गाढ झोपलेलं असताना त्याचा सदरा वर करा आणि घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचा ५० किंवा जास्त असेल, तर तो जलद श्वास. दूध पिताना चार घोट घेऊन थांबतं का, कपाळ घामाने डबडबतं का, अर्ध्यातच दमून झोपतं का, ते बघा. दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत तारखेनिशी लिहा. डॉक्टरांपुढे 'पीत नाही नीट' म्हणण्यापेक्षा ही वही ठेवली तर त्यांना दहा मिनिटांत जे कळेल ते एरवी तीन भेटींत कळत नाही.

इकोबद्दल एक गोष्ट बजावून सांगायला हवी. लहान मुलाचा इको हे वेगळं कसब आहे. मोठ्या माणसांचे इको करणाऱ्याने काढलेल्या रिपोर्टवर शस्त्रक्रिया ठरवू नये. बालहृदयरोगतज्ज्ञाकडून तो पुन्हा करून घ्यावा. मूल रडत, हलत असेल तर झोपेचं औषध देऊन करतात, ते रीतसरच आहे. रिपोर्टच्या कागदाबरोबर चित्रफितीची सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला जाल तेव्हा त्यांना बघायची असते ती हलणारी चित्रं, कुणीतरी टाइप केलेली चार वाक्यं नव्हेत.

आणि निघताना त्या तज्ज्ञांना एकच प्रश्न विचारा: "डॉक्टर, हे बाळ किती आठवडे किंवा महिने थांबू शकतं?" उत्तर केसपेपरवर लिहून मागा. या एका ओळीवर पुढचा सगळा निर्णय उभा असतो.

कारण सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत अडचण कौशल्याची क्वचित असते, अडचण रांगेची असते. मुंबईचं केईएम हे १९२६ पासून चालत आलेलं शिकवणारं रुग्णालय. तिथले हात या कामात मुरलेले आहेत. पण अशा ठिकाणी राज्यभरातून मुलं येतात आणि आयसीयूतल्या खाटा मोजक्या असतात. एएसडीचं तीन वर्षांचं मूल असेल आणि तारीख सहा महिन्यांनी मिळत असेल, तर बिनघोर थांबावं. चार महिन्यांचं, साडेतीन किलोचं, मोठ्या व्हीएसडीचं बाळ असेल आणि तज्ज्ञांनी 'चार आठवड्यांत' असं लिहिलं असेल, तर सहा महिन्यांनंतरची तारीख ही तारीखच नव्हे. रांग बाळाच्या सवडीपेक्षा लांब असेल तेव्हा खासगी किंवा धर्मादाय रुग्णालयाचा विचार करायचा. खासगीकडे वळण्याचं माझ्या मते हे सगळ्यात भक्कम कारण. 'तिथे स्वच्छता असते', 'तिथे नीट बोलतात' ही कारणं खोटी नाहीत, पण घर विकण्याएवढी मोठीही नाहीत.

आता कुणाकडे न्यायचं. रुग्णालयाच्या जाहिराती, संगमरवरी लॉबी, टीव्हीवर दिसणारं नाव, यातलं काही बाळाच्या उपयोगाचं नाही. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेचा निकाल सर्जनइतकाच बाकीच्या चमूवर ठरतो: लहान मुलांना भूल देणारा डॉक्टर, हार्ट-लंग मशीन चालवणारा तंत्रज्ञ आणि त्यानंतरच्या दोन-चार रात्री आयसीयूत जागणाऱ्या परिचारिका. म्हणून विचारायचे प्रश्न असे. वर्षाला मुलांच्या किती हृदयशस्त्रक्रिया इथे होतात? माझ्या बाळाच्या वजनाच्या किती? मुलांचं आयसीयू वेगळं आहे की मोठ्यांच्याच आयसीयूत कोपऱ्यातली खाट? शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री एका बाळामागे एक नर्स असते का? रात्री दोन वाजता काही झालं तर मुलांच्या हृदयाचं कळणारा डॉक्टर आवारात असतो की फोनवर? हे विचारलं म्हणून चांगला डॉक्टर रागावत नाही. जो रागावतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याची गरज नाही. मोठ्या माणसांच्या बायपाससाठी नावाजलेलं रुग्णालय पाच किलोच्या बाळासाठी चांगलं असेलच असं नाही. गावापासून लांब, पण मुलांचंच काम करणारं केंद्र मिळत असेल तर प्रवासाचा त्रास सोसावा.

खासगी रुग्णालयात पोचल्यावर एस्टिमेटचा कागद मिळतो. त्यावरची शेवटची बेरीज बघून घाबरण्याआधी वरच्या ओळी वाचायच्या. पॅकेजमध्ये आयसीयूचे किती दिवस धरलेत? व्हेंटिलेटर किती दिवस? डिव्हाइस बसवणार असतील तर त्याची किंमत आत आहे की बाहेर? रक्त, ऑक्सिजनेटर, शस्त्रक्रियेनंतरचे इको, औषधं, हातमोजे-सिरिंजसारखं किरकोळ साहित्य आत की बाहेर? आणि सगळ्यात महत्त्वाचं: बाळ ठरल्यापेक्षा जास्त दिवस आयसीयूत राहिलं तर दर दिवसाचा दर काय? छातीत संसर्ग झाला, व्हेंटिलेटर निघायला वेळ लागला, असं लहान मुलांमध्ये होतं. पॅकेज मोडतं ते बहुतेकदा तिथेच. तेव्हा एस्टिमेटपेक्षा थोडी जास्त रक्कम लागू शकते, हे धरूनच हिशेब करावा.

खोलीचा वर्गही समजून घ्यावा. खासगी रुग्णालयांत साधारणपणे खोली महाग तशी डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटरचा दर, सगळंच चढतं. बाळ तर निम्मे दिवस आयसीयूत असणार. डीलक्स खोलीचा उपयोग नातेवाइकांना. बाळाला तिचा काही फायदा नाही.

एस्टिमेटच्या खिडकीवर विचारतात, "कॅश की इन्शुरन्स?" बहुतेक आईवडील विमा नसल्याने मान खाली घालून 'कॅश' म्हणतात आणि तिथेच वाट चुकते. तिसरं उत्तर आहे: "योजना." महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पोचली आणि २०१७ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. आधी पिवळं आणि केशरी रेशन कार्ड असलेल्यांपुरती होती. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेला जोडली आहे. तिचं संरक्षण कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत आहे आणि पांढऱ्या कार्डाच्या कुटुंबांनाही ती खुली झाली आहे. म्हणजे 'आम्ही मध्यमवर्गीय, आम्हाला कुठली योजना' हे वाक्य आता चुकीचं आहे. योजनेत सरकारी रुग्णालयं आहेत तशी खासगीही आहेत आणि मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रिया तिच्या यादीत आहेत.

ही योजना चालते कशी ते नीट समजून घ्या, कारण पायरी चुकली की हक्क असूनही लाभ जातो. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. आधी तिथे जायचं, बिलाच्या खिडकीवर नाही. रेशन कार्ड, आईवडिलांचं आधार, बाळाचं आधार नसेल तर जन्माचा दाखला, आणि इकोचा रिपोर्ट. आरोग्यमित्र नोंदणी करतो, मग रुग्णालय रिपोर्ट ऑनलाइन पाठवून उपचाराची पूर्वमंजुरी मागतं. मंजुरी आली की शस्त्रक्रिया, आयसीयू, औषधं, रुग्णाचं जेवण यांसाठी पैसे द्यायचे नसतात. पण ही कॅशलेस योजना आहे: आधी स्वतः पैसे भरायचे आणि मागून परत मागायचे, असं इथे चालत नाही. डिपॉझिट भरून कॅश पेशंट म्हणून दाखल झालात की नंतर योजनेत शिरणं महाकठीण. म्हणून दाखल होण्याआधी विचारायचं. रुग्णालय योजनेत आहे, एवढ्यावर थांबू नका. मुलांच्या हृदयशस्त्रक्रियेसाठी ते योजनेत आहे का, हे विचारा. एकच रुग्णालय हाडांच्या शस्त्रक्रियेसाठी योजनेत असतं आणि हृदयासाठी नसतं, असं होतं. आणि मंजूर उपचारासाठी कुणी 'वरचे' पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.

गोव्यात राहणाऱ्यांसाठी दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाखांपर्यंत संरक्षण आहे. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात आधी तपासून घेऊन पुढचं ठरवावं.

लहान मुलांसाठी आणखी एक दार आहे आणि ते फार थोड्यांना ठाऊक असतं: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ च्या फेब्रुवारीत त्याची सुरुवात आपल्याच पालघरमध्ये झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी यात होते. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत वर्षातून एकदा जातात. जन्मजात हृदयदोष त्यांच्या तपासणी यादीत आहे. संशय आला की मूल जिल्हा रुग्णालयात पाठवतात. तिथे टूडी इकोची शिबिरं भरतात आणि शस्त्रक्रिया लागणारी मुलं मोठ्या रुग्णालयांकडे पाठवली जातात, त्यात खासगीही असतात. तुमच्या मुलाचं निदान खासगीत झालं असेल तरी अंगणवाडी सेविकेला किंवा आशाताईला सांगा आणि जिल्हा रुग्णालयात या कार्यक्रमाची चौकशी करा. खासगीत निदान झालं म्हणून हे दार बंद होत नाही.

याखेरीज धर्मादाय रुग्णालयं. पुण्या-मुंबईतली कितीतरी नामांकित, पंचतारांकित दिसणारी रुग्णालयं सार्वजनिक विश्वस्त संस्थांची आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली लागू केलेल्या योजनेनुसार त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात आणि बिलांच्या दोन टक्के रक्कम या रुग्णांच्या निधीत टाकावी लागते. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल घटक. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला लागतो. आणीबाणीत आलेल्या अशा रुग्णाकडून डिपॉझिट न मागता त्याला दाखल करून जीव वाचवणारे उपचार द्यावेत, असं ही योजना सांगते. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा. 'खाटा भरल्या आहेत' असं सांगितलं तर ते लेखी मागा आणि जिल्ह्यातल्या धर्मादाय आयुक्त कार्यालयात विचारा. परळचं बाई जेरबाई वाडिया हे १९२९ पासूनचं मुलांचं रुग्णालयही विश्वस्त संस्थेचंच. खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी केंद्रात तर मुलांच्या हृदयाच्या उपचारांचे पैसेच घेत नाहीत. तिथेही प्रतीक्षा असते, त्यामुळे नाव लवकर नोंदवावं.

विमा असेल त्यांनीही गृहीत काही धरू नये. वडिलांच्या कंपनीचा सामूहिक विमा असेल तर बाळ बहुतेकदा पहिल्या दिवसापासून त्यात येतं, मात्र नाव वेळेत कळवावं लागतं. वैयक्तिक पॉलिसीत नवजात बाळाला बऱ्याचदा ९० दिवसांनंतरच घेतात आणि तोवर निदान झालेलं असेल तर आधीपासूनच्या आजाराची प्रतीक्षा लागू होते. ती जास्तीत जास्त तीन वर्षांची. हृदयाचं छिद्र 'अंतर्गत जन्मजात दोष' या सदरात मोडतं आणि बाहेरून दिसणाऱ्या जन्मजात दोषांसारखं ते सरसकट वगळलेलं नसतं. आजार लपवून पॉलिसी घ्या असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. ऐन वेळी दावा नाकारला जाईल.

खोलीभाड्याची अटही वाचा. पॉलिसीत रोजची मर्यादा पाच हजारांची आणि तुम्ही घेतली दहा हजारांची खोली, तर नुसता वरचा फरक भरून भागत नाही. डॉक्टरांची फी, थिएटर अशा खर्चांनाही अनेक पॉलिसी त्याच प्रमाणात कात्री लावतात. असे खर्च दोन लाखांचे असतील तर कंपनी एकच लाख देईल. आयसीयू, औषधं आणि डिव्हाइसच्या किमतीला ही कात्री लागत नाही. २०२४ च्या नियमांप्रमाणे कॅशलेस मंजुरीचा निर्णय एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत मिळायला हवी. उशीर झाला तर रुग्णालयातल्या विम्याच्या (टीपीए) डेस्कवर या नियमाचं नाव घेऊन बोला.

इतकं करूनही रक्कम कमी पडली तर मुख्यमंत्री सहायता निधी, पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, सिद्धिविनायक मंदिर न्यास अशा ठिकाणी अर्ज करता येतो. रुग्णालयाचं सही-शिक्क्याचं एस्टिमेट, उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, रिपोर्ट लागतात. अर्ज शस्त्रक्रियेआधी करायचा असतो. सावकाराकडे जाण्याची वेळ या सगळ्यांनंतर यावी, आणि शक्यतो येऊच नये.

दाखल झाल्यावर संमतिपत्रावर सही मागतील. ते इंग्रजीत असेल तर मराठीत समजावून मागा: काय करणार, न केलं तर काय होईल, धोके कोणते. महाराष्ट्राच्या २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णालयाने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक लावायला हवं. बिल थकलं म्हणून मुलाला अडवून ठेवता येत नाही. उपचारांची कागदपत्रं मागितल्यापासून ७२ तासांत मिळायला हवीत आणि बिल एकेका बाबीनिशी मिळायला हवं.

घरी आल्यावरचा खर्च कुणी मोजत नाही. छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर साधारण आठवडाभर रुग्णालयात, मग महिन्याने, सहा महिन्यांनी, पुढे वर्षाला इको. लातूर-नांदेडहून मुंबईला येणाऱ्यांचा प्रवास, राहणं आणि बुडालेली मजुरी हाच मोठा भार असतो. परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, तिथे आधी विचारून ठेवा. पुढच्या तपासण्या गावाजवळच्या बालहृदयरोगतज्ज्ञाकडे होतील का, हे डिस्चार्जच्या दिवशीच ठरवून घ्या. शस्त्रक्रियेची वाट बघत असताना आणि नंतरही लसीकरण चालू राहतं. कोणती लस पुढे ढकलायची असेल तर ते डॉक्टर सांगतील, घरच्यांनी ठरवू नये.

ज्यांच्या घरात आज असं निदान झालेलं नाही, त्यांनीही एक काम करून ठेवावं. योजनेची नोंदणी बऱ्याचदा अडते ती रेशन कार्डावर बाळाचं नाव नसल्याने, आणि ते चढवायला नेमका तोच आठवडा जातो जो बाळाकडे नसतो. जन्माचा दाखला हातात आला की त्याच महिन्यात शिधावाटप कार्यालयात जाऊन नाव चढवून घ्या.